बेळगावात नवे बिऱ्हाड थाटताना: वीज, गॅस आणि पाण्याचा दर कोण ठरवतो आणि आपण कुठे बोलावे

चंदगड, आजरा किंवा कोल्हापूरहून नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा लग्न होऊन बेळगाव, खानापूर, निपाणी भागात राहायला आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्याच महिन्यात एक अनुभव येतो. विजेचे बिल हातात पडते, ते कन्नडमध्ये असते, त्यावर महावितरणचा सवयीचा बारा आकडी ग्राहक क्रमांक नसून 'आर. आर. नंबर' नावाचे काहीतरी असते, आणि शेजारी विचारायला गेले की उत्तर मिळते, "भरून टाका, सगळ्यांनाच तेवढं येतंय." हा लेख अशा कुटुंबांसाठी आहे, तसाच तो जन्मापासून इथेच राहून आता प्रथमच स्वतःच्या नावावर जोडणी घेणाऱ्या तरुणांसाठीही आहे.

सुरुवातीलाच एक भेद मनात पक्का करावा, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. 'माझे बिल चुकीचे आले' ही एक तक्रार आहे आणि 'विजेचा दरच जास्त आहे' ही दुसरी. पहिलीसाठी वर्षभर दार उघडे असते आणि ते दार जवळ आहे. दुसरीसाठी वर्षातून काही आठवडेच दार उघडते आणि ते वेगळ्याच इमारतीचे असते. आपल्याकडची बहुतेक माणसे दराचा राग मे महिन्यात बिल भरणा केंद्राच्या खिडकीवर काढतात. त्या खिडकीमागच्या माणसाला एक पैसाही कमी करण्याचा अधिकार नसतो, आणि ज्यांना तो असतो त्यांचा निर्णय बहुधा मार्च अखेरीस होऊन गेलेला असतो.

एकच तार का असते

रविवार पेठेत डाळ महाग वाटली तर आपण पुढच्या दुकानात जातो. विजेच्या बाबतीत पुढचे दुकान नसते. शहापूरच्या एखाद्या अरुंद गल्लीत दोन कंपन्यांनी दोन वेगळ्या खांबांच्या रांगा, दोन ट्रान्सफॉर्मर आणि दोन वाहिन्या उभारल्या, तर खर्च दुप्पट होईल आणि ग्राहक मात्र तेवढेच राहतील. विद्युत कायदा, २००३ यात त्याच भागात दुसऱ्या वितरकाला परवाना देण्याची तरतूद आहे, पण त्याने स्वतःचे जाळे उभारले पाहिजे अशी अट असल्यामुळे ती तरतूद बहुतेक ठिकाणी कागदावरच राहते. जिथे एकानेच सर्वांना पुरवणे सर्वांत स्वस्त पडते, त्या स्थितीला अर्थशास्त्रात नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात. पाण्याची नळवाहिनी, गॅसची नळवाहिनी आणि गटारव्यवस्था यांचेही तसेच आहे.

अशा मक्तेदाराला मोकळे सोडले तर काय होते, हे वडगावातल्या एका मागावर पाहू. समजा, युनिटला ६ रुपये दर असताना एका विणकराला रात्रीची पाळीही परवडते आणि दर ९ रुपये झाल्यावर तो ती बंद करतो. दिवसाच्या पाळीसाठी त्याने जास्त दिलेले पैसे कंपनीकडे जातात, म्हणजे ते एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले. रात्री जे कापड विणलेच गेले नाही, ते मात्र कोणाच्याच पदरात पडत नाही. विणकराची मजुरी गेली, व्यापाऱ्याचा माल गेला, आणि न विकलेल्या विजेचे पैसे कंपनीलाही मिळाले नाहीत. बारावीच्या अर्थशास्त्रात ज्याला उपभोक्त्याचे संतोषाधिक्य म्हणतात, म्हणजे वस्तूसाठी आपण जास्तीत जास्त जितके द्यायला तयार असतो आणि प्रत्यक्षात जितके देतो यांतला फरक, त्याचा एक भाग मक्तेदार घेतो आणि एक भाग नुसताच वाया जातो. दराचे नियमन करायचे ते मुख्यतः हा वाया जाणारा भाग वाचवण्यासाठी. कंपनीचा नफा पुसून टाकणे हा त्याचा हेतू नाही. नफा शून्य झाला तर खांब बदलायलाही पैसे उरणार नाहीत.

पहिली पायरी: आपला पुरवठादार ओळखा

कर्नाटकात पूर्वीच्या वीज मंडळाचे १९९९ मध्ये रूपांतर झाले आणि २००२ मध्ये वितरणाचे काम प्रादेशिक कंपन्यांकडे गेले. त्यांतली हुबळीत मुख्यालय असलेली हेस्कॉम ही सरकारी कंपनी बेळगाव, धारवाड, गदग, हावेरी, बागलकोट, विजापूर आणि उत्तर कन्नड (कारवार) या सात जिल्ह्यांना वीज पुरवते. दर ठरवण्याचे काम तिच्या हातात नाही. ते बेंगळुरूच्या कर्नाटक वीज नियामक आयोगाकडे आहे. महाराष्ट्रातून आलेल्यांनी एवढे लक्षात ठेवावे की मुंबईच्या आयोगाचा आदेश इथे लागू होत नाही, आणि शिनोळीपलीकडच्या नातेवाइकाच्या बिलाशी आपल्या बिलाची ओळीने ओळ तुलना करण्यात अर्थ नाही.

हुक्केरी तालुक्याचे वेगळेपण सांगायलाच हवे. तिथे १९६९ पासून ग्रामीण विद्युत सहकारी संघ वीज वितरण करतो आणि राज्यात असा तो एकच आहे. तिथे ग्राहक सभासद होऊ शकतो, सर्वसाधारण सभेत हिशेब विचारू शकतो आणि संचालक निवडून देऊ शकतो. मक्तेदारीवर अंकुश ठेवण्याची ही दुसरी रीत आहे. दर मात्र त्या संघालाही आयोगाकडूनच मंजूर करून घ्यावा लागतो. हुक्केरी भागात घर घेणाऱ्याने म्हणूनच सभासदत्वाची चौकशी जरूर करावी.

दुसरी पायरी: किल्ली घेण्याआधी चार गोष्टी पाहा

घर भाड्याने घेत असाल किंवा विकत, मीटरवरचा आकडा आणि आर. आर. नंबर दोन्ही दिसतील असे छायाचित्र पहिल्याच दिवशी काढून ठेवावे. त्यानंतर मागची थकबाकी तपासावी. विकत घेणाऱ्याला याचे महत्त्व फार आहे, कारण नियमांत तशी तरतूद असल्यास आधीच्या मालकाची वीज थकबाकी नव्या मालकाकडून जोडणीची अट म्हणून मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. खरेदीखतापूर्वी 'थकबाकी नाही' असा दाखला मालकाकडून मागून घेणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

तिसरी गोष्ट मंजूर भाराची, म्हणजे घराला एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घेण्याची मंजुरी आहे त्याची. बिलातला स्थिर आकार या भारावर ठरतो, मग तुम्ही एक दिवा लावा किंवा दहा. २०२५-२६ साठी आयोगाने घरगुती ग्राहकांचा स्थिर आकार किलोवॅटला महिना १४५ रुपये आणि वीज आकार युनिटला ५ रुपये ८० पैसे ठरवला. त्याआधी हे आकडे १२० रुपये आणि ५ रुपये ९० पैसे होते. 'युनिट दहा पैशांनी स्वस्त' एवढीच बातमी ज्यांनी वाचली, त्यांच्या नजरेतून दुसरी बाजू निसटली. त्या वर्षीच्या दराने मंजूर भार २ किलोवॅट असलेल्या घराला महिन्याला २९० रुपये स्थिर आकार पडतो आणि ४ किलोवॅट असलेल्या घराला ५८०, जरी दोन्ही घरांत ९० युनिटच जळाले तरी. वर्षाचा फरक ३,४८० रुपये होतो. पूर्वीच्या मालकाने गीझर आणि वातानुकूलन यंत्रासाठी भार वाढवून घेतला असेल आणि तुमच्याकडे ती उपकरणे नसतील, तर भार कमी करण्याचा अर्ज द्यावा. स्थिर आकार मुळातच चुकीचा आहे असे मला म्हणायचे नाही. तारा आणि ट्रान्सफॉर्मर यांचा खर्च वापर नसतानाही चालूच असतो. पण न लागणाऱ्या भाराचे पैसे आपण का भरायचे?

चौथी गोष्ट सुरक्षा ठेवीची. साधारण दोन महिन्यांच्या बिलाएवढी ठेव ठेवावी लागते, वापर वाढला की जादा ठेवीची नोटीस येते, आणि त्या ठेवीवर व्याज देणे कायद्याने वितरकाला बंधनकारक आहे. ते व्याज बिलात वजा झाले की नाही, हे वर्षातून एकदा पाहावे.

नवी जोडणी हवी असल्यास केंद्र सरकारच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये दुरुस्ती होऊन मुदती कमी झाल्या आहेत. अर्ज सर्व बाजूंनी पूर्ण असेल, तर महानगरांबाहेरच्या नगरपालिका क्षेत्रांत सात दिवस आणि ग्रामीण भागात पंधरा दिवस, असा तो हिशेब आहे. अर्जाच्या पोचपावतीवर तारीख नसेल तर मुदत मोजताच येत नाही, म्हणून शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये.

तिसरी पायरी: कन्नड बिल वाचायला शिका

लिपी येत नाही म्हणून बिल न वाचता भरणारी पुष्कळ घरे मी पाहिली आहेत, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण शब्द मोजकेच आहेत. 'इंदिन मापन' म्हणजे चालू वाचन, 'हिंदिन मापन' म्हणजे मागील वाचन, 'बळके' म्हणजे वापर, 'निगदित शुल्क' म्हणजे स्थिर आकार, 'तेरिगे' म्हणजे कर आणि 'ओट्टु' म्हणजे एकूण. 'बाकी' तर आपलीच. शेजारच्या कन्नड शाळेतल्या मुलाला बसवून एका जुन्या बिलावर हे शब्द पेन्सिलीने मराठीत लिहून घ्यावेत आणि ते बिल मीटरच्या पेटीजवळ चिकटवावे. पुढच्या महिन्यापासून चालू वाचनातून मागील वाचन वजा करून वापर स्वतः काढावा.

स्थिर आकार आणि वीज आकार यांखेरीज बिलात आणखी तीन रकमा असतात. एक, वीज आकारावरचा ९ टक्के कर, जो राज्य सरकारकडे जातो. दोन, इंधन आणि वीज खरेदी खर्चातला फरक, जो महिन्यागणिक बदलतो आणि कधीकधी वजाही होतो. तीन, कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन निधीसाठीचा अधिभार, जो २०२५-२६ मध्ये युनिटला ३६ पैसे होता. बातमीत आलेला दर आणि प्रत्यक्ष बिल यांत तफावत दिसते ती बहुधा या तिघांमुळे.

आता राज्य सरकारची घरगुती मोफत विजेची गृहज्योती योजना, जिच्याविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत. जुलै २०२३ च्या वापरापासून ती लागू झाली. २०० युनिट मोफत असे तिचे नाव पडले असले तरी प्रत्येक घराची मोफत मर्यादा वेगळी आहे. २०२२-२३ मधली तुमची मासिक सरासरी आणि त्यावर दहा टक्के, एवढीच ती मर्यादा; सरासरी फार कमी असलेल्या घरांना २०२४ पासून दहा टक्क्यांऐवजी दहा युनिट. सरासरी १०० युनिट असेल तर ११० युनिट मोफत. वापर ११० च्या वर पण २०० च्या आत राहिला तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे भरायचे. वापर २०० च्या पुढे गेला तर मात्र त्या महिन्याचे सगळे बिल भरायचे. २०२५-२६ चा नुसता वीज आकार धरला तरी २०० युनिटांवर ९० युनिटांचे ५२२ रुपये होतात आणि २०१ युनिटांवर १,१६५ रुपये ८० पैसे. शेवटचे ते एक युनिट साडेसहाशे रुपयांच्या घरात जाते. एप्रिल आणि मे महिन्यांत कूलर चालू असताना महिन्याचा वापर १८० युनिटांच्या आसपास आला की रोज सकाळी आकडा पाहण्याची सवय ठेवावी, आणि मीटर वाचनाची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नोंदवावी, कारण वाचक चार दिवस उशिरा आला तर ते चार दिवसही त्याच बिलात येतात.

भाडेकरूलाही ही योजना मिळते. अर्ज राज्य सरकारच्या सेवासिंधू संकेतस्थळावरून करायचा आणि आर. आर. नंबर स्वतःच्या आधार क्रमांकाशी जोडायचा. घर बदलताना जुन्या घराच्या आर. आर. नंबरशी जोडलेला आधार क्रमांक काढून टाकायला विसरू नये, नाहीतर नव्या घराचा अर्ज अडतो. आधीच्या वापराची नोंद नसलेल्या नव्या घराला राज्याची सरासरी ५३ युनिट धरून दहा टक्के वाढीसह ५८ युनिटांची मर्यादा मिळते.

या योजनेने गरीब घरांना खरा दिलासा मिळाला आहे आणि तो मला मोलाचा वाटतो. एक परिणाम मात्र नजरेआड होऊ देऊ नये. बिल शून्य आले की घरात कोणी ते उघडून पाहत नाही. त्या शून्यामागेही दर असतोच, तो सरकार आपल्या करांतून वितरकाला देते, आणि मीटर बिघडलेला असेल तर ते कळायला वर्ष जाते.

चौथी पायरी: मीटरची परीक्षा घरीच घ्या

आम्ही अनगोळमध्ये प्रथम भाड्याने राहायला गेलो तेव्हा दोघांच्या संसाराला दोनशेच्या पुढे युनिट येत होते. एका पहाटे घराचा मुख्य खटका पाडून मी जिन्याखालच्या पेटीसमोर विजेरी घेऊन उभा राहिलो. घरातले सगळे बंद असूनही मीटरवरचा लाल दिवा भराभर लुकलुकत होता. थोड्या वेळाने मागच्या अंगणातला पाण्याच्या मोटारीचा आवाज थांबला आणि त्याच क्षणी दिवाही थांबला. घरमालकांनी बोअरच्या मोटारीची तार आमच्या मीटरनंतर, पण आमच्या खटक्याच्या आधी जोडून घेतली होती. बिलात चूक नव्हती आणि मीटरही बरोबर होता. तक्रार घेऊन थेट कार्यालयात गेलो असतो, तर मीटर तपासून 'ठीक आहे' असे उत्तर घेऊन परतलो असतो.

म्हणून पहिली परीक्षा हीच: मुख्य खटका पाडावा आणि दिवा पाहावा. दुसरी परीक्षा मीटरच्या वेगाची. मीटरवर एका युनिटला किती वेळा दिवा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो, अनेक घरगुती मीटरांवर तो ३,२०० असतो. बाकी सर्व उपकरणे बंद करून पाणी तापवण्याचा १,००० वॉटचा रॉड बादलीत पूर्ण बुडवून लावावा. तो तासाला एक युनिट खातो, म्हणजे मिनिटाला दिवा सुमारे ५३ वेळा लुकलुकला पाहिजे. पाच मिनिटे मोजून सरासरी काढावी. व्होल्टेज कमीजास्त असल्याने थोडा फरक पडतो, पण मिनिटाला सत्तर भरले तर मीटर तपासणीची मागणी करायला कारण आहे. इस्त्री या कामाला घेऊ नये, कारण ती तापली की आपोआप बंद होते आणि हिशेब चुकतो.

मीटरचे वाचन वापराशी जुळत नाही अशी लेखी तक्रार केल्यास पाच दिवसांत पडताळणीसाठी जादा मीटर बसवला पाहिजे, असे २०२४ च्या दुरुस्त नियमांत आहे. 'घर बंद' किंवा 'मीटर बिघडला' असे लिहून सरासरीची बिले येत असतील, तर केंद्राच्या नियमांनुसार सलग दोन बिलांच्या पुढे तसे चालू शकत नाही. त्यानंतर प्रत्यक्ष वाचनाचे बिल येईपर्यंत रक्कम नाकारण्याचा हक्क ग्राहकाला आहे. तो वापरताना मात्र तसे लेखी कळवून पोच घ्यावी, नाहीतर ती साधी थकबाकी ठरते.

पाचवी पायरी: बिलाची तक्रार कुठे आणि कशी

वीज गेली, तार तुटली, खांबाला झटका बसतो, यासाठी १९१२ हा क्रमांक आहे आणि तक्रार क्रमांक लिहून घेणे पुरेसे आहे. बिलाची तक्रार आधी सेक्शन ऑफिस, मग उपविभागाचे सहायक कार्यकारी अभियंता यांच्याकडे लेखी द्यावी. तिथे दाद लागली नाही तर विद्युत कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे स्थापन झालेल्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावे, आणि मंचाचा निर्णय पटला नाही तर आयोगाने नेमलेल्या लोकपालाकडे. यासाठी वकील लागत नाही. बिलांच्या प्रती, मीटरची छायाचित्रे आणि आधीच्या अर्जांच्या पोचा तारखेप्रमाणे लावल्या की अर्धे काम झालेले असते.

भाषेचा प्रश्न इथे येतोच. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी कोणत्याही अधिकाऱ्याकडे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. म्हणजे मराठीत अर्ज देणे हा आपला हक्क आहे आणि तो सोडू नये. पण काम लवकर व्हावे असे वाटत असेल तर त्याच अर्जाची कन्नड किंवा इंग्रजी प्रत सोबत जोडावी. हक्क मराठी प्रतीने राहतो आणि टेबलावरच्या कारकुनालाही मजकूर त्याच दिवशी कळतो.

वीज तोडण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देणे कलम ५६ नुसार आवश्यक आहे. त्याच कलमात दोन वर्षांच्या मुदतीची तरतूद आहे आणि तिचा अर्थ लोक अनेकदा चुकीचा लावतात. रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षे ती बिलात सतत थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल तर तिच्यासाठी वीज तोडता येत नाही. पण चुकीने राहून गेलेली रक्कम नंतर मागणे आणि इतर कायदेशीर मार्गाने वसूल करणे बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे.

सर्वांत जपावे ते कलम १२६ ला. घरगुती जोडणीवर खानावळ, पिठाची गिरणी किंवा शिवणकामाचे दुकान चालवले, तर तो अनधिकृत वापर ठरू शकतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. तात्पुरता आदेश हातात पडला की हरकत तत्काळ लेखी द्यावी. अंतिम आदेशाविरुद्ध अपील करायचे तर तीस दिवसांची मुदत असते आणि निम्मी रक्कम आधी भरावी लागते. या आकारणीविरुद्ध ग्राहक न्यायालयात जाता येत नाही, हे २०१३ पासून निश्चित झाले आहे. सेवेतल्या इतर त्रुटींसाठी मात्र जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे, आणि दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्कही नाही.

सहावी पायरी: दराविषयी बोलायचे असेल तर

आता ते दुसरे दार. वितरक कंपनी पुढील वर्षाच्या दराचा प्रस्ताव साधारणपणे नोव्हेंबरअखेर आयोगाकडे दाखल करते, कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे त्याचा गोषवारा वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होतो, हरकतींसाठी मुदत दिली जाते, आणि त्यानंतर आयोग कंपनीच्या क्षेत्रात येऊन जनसुनावणी घेतो. आदेश सामान्यतः १ एप्रिलपासून लागू होतो. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ लक्षात ठेवायचा. २०२५ मध्ये आयोगाने तीन वर्षांचे दर एकदम ठरवले असले तरी मंजूर खर्च आणि प्रत्यक्ष खर्च यांचा मेळ दरवर्षी घातला जातो, त्यामुळे बोलण्याची संधी गेलेली नाही.

आयोग दर कसा काढतो हे कळले तर हरकत नेमकी लिहिता येते. कंपनीचा वर्षाचा एकूण खर्च मांडला जातो. त्यात वीज खरेदीचा वाटा सर्वांत मोठा, मग पारेषण (वीज निर्मिती केंद्रापासून लांबच्या तारांतून आणणे), दुरुस्ती, पगार, कर्जाचे व्याज, घसारा आणि भांडवलावरचा ठरावीक परतावा. या सगळ्या खर्चातला योग्य वाटेल तेवढाच आयोग मंजूर करतो आणि तो अपेक्षित विक्रीवर वाटतो. या पद्धतीतली अडचण अशी की खर्चाची खरी माहिती कंपनीकडेच असते. खर्च वाढला तरी तो दरातून वसूल होणार असेल, तर काटकसर करण्याची गरज तिला भासत नाही. आयोगाच्या कार्यालयातल्या लेखापालाला येळ्ळूरच्या शिवारातला जळालेला ट्रान्सफॉर्मर किती दिवस तसाच पडून होता हे माहीत नसते. ते तुम्हाला माहीत असते. म्हणूनच ग्राहकाची हरकत ही उपचाराची बाब नाही.

'दर वाढवू नका' एवढीच हरकत लिहिली तर तिची नोंद होते आणि पुढे काही घडत नाही. त्याऐवजी प्रस्तावातले पान आणि परिच्छेद दाखवून प्रश्न विचारावेत. आपल्या जिल्ह्यासाठी मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो शेतीपंपांच्या वापराचा प्रश्न. कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे आणि तिचे पैसे राज्य सरकार अनुदान म्हणून कंपनीला देते. बेळगाव जिल्ह्यात उसाचे क्षेत्र मोठे असल्यामुळे हा वापरही मोठा. यातले बहुतेक पंप मीटरशिवाय चालतात आणि त्यांचा वापर अंदाजाने धरला जातो. हा अंदाज जितका फुगेल तितकी तारांतली गळती आणि चोरी कागदावर कमी दिसते. गळती आयोगाच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर तिचा भुर्दंड कंपनीने सोसायचा असतो, पण तीच गळती शेतकऱ्याच्या नावावर दाखवली तर तो भुर्दंड सरकारच्या तिजोरीवर आणि शेवटी सर्वांवर येतो. 'आमच्या उपविभागातल्या शेतीवाहिन्यांवरची मोजलेली वीज आणि पंपांच्या नावे दाखवलेली वीज यांचे महिनावार आकडे द्या' अशी एक ओळ हरकतीत लिहिणे, हे दहा घोषणांपेक्षा जास्त काम करते. हेच आकडे दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकारातही मागता येतात आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. हा अर्ज कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीत द्यावा, कारण त्या कायद्यात भाषेची तरतूद वेगळी आहे.

हरकतीसोबत प्रतिज्ञापत्र आणि प्रती किती जोडायच्या ते जाहिरातीतच दिलेले असते. सुनावणीला जाता आले तर जरूर जावे, दोन मिनिटांत एकच मुद्दा मांडावा. गल्लीतल्या दहा जणांनी दहा वेगळे मुद्दे वाटून घेतले तर त्याहून उत्तम.

गॅस आणि पाणी

नळाने येणारा गॅस बेळगावातही पोहोचला आहे. एका क्षेत्रात ठरावीक वर्षे एकाच कंपनीला परवानगी असते आणि पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ ती देते, पण किरकोळ विक्रीचा दर ठरवण्याचा अधिकार त्या मंडळाला नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल आहे. त्यामुळे जोडणी घेण्यापूर्वी ठेव किती आणि ती परत केव्हा मिळते हे लेखी घ्यावे.

पाण्याचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण तिथे विजेसारखा स्वतंत्र आयोगच नाही. राकसकोप आणि हिडकल जलाशयांतून शहराला पाणी येते, दर राज्य सरकारच्या मान्यतेने ठरतो, आणि जनसुनावणीची सक्ती नाही. शहरातल्या काही निवडक प्रभागांत जागतिक बँकेच्या साहाय्याने २००८ च्या सुमारास चोवीस तास मीटरने पाणी सुरू झाले. इतर भागांत मात्र पाणी काही दिवसांच्या अंतराने येत राहिले. कागदावरचा दर कमी असूनही पाणी खऱ्या अर्थाने महाग कसे पडते, हे अशा घरातच दिसते. जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, वर चढवायची मोटार, तिची वीज, पाणी भरण्यासाठी घरी थांबणाऱ्या बाईचा बुडालेला रोजगार आणि उन्हाळ्यातला टँकर, हे सगळे पाण्याच्या दरातच मोजले पाहिजे. एका वहीत तीन महिने ही नोंद ठेवावी: पाणी कोणत्या दिवशी आले, किती वेळ आले, टँकरला किती दिले. दरवाढीचा विषय महापालिकेत येईल तेव्हा आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाच्या हाती अशा पंधरावीस घरांच्या वह्यांची बेरीज द्यावी आणि 'दर वाढवायचा असेल तर आठवड्याला किती तास पाणी देणार हे त्याच ठरावात लिहा' अशी मागणी करावी.

खेड्यात हे काम सोपे आहे. नळपाणी योजनेची पट्टी ग्रामपंचायत घेते आणि ग्रामसभेत कोणीही उभे राहून जमाखर्च विचारू शकतो. पंपाचे वीजबिल किती, पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार किती, पट्टी किती घरांकडून येते आणि किती घरांकडून येत नाही, हे चार आकडे मागावेत आणि सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावेत.